पंप रात्रीच का लावता, विहीणबाई?

कशेळे,
१८ नोव्हेंबर १९८४

विहीणबाई अंबूबाई यांना गोदूबाईचा नमस्कार.

आमचा गजा परवा नवे तांदूळ घेऊन तुमच्याकडे शिळफाट्याला आला होता. तुम्ही कोंबडी कापलीत, पोटभर जेवू घातलंत, हे त्याने आल्या आल्या सांगितलं. बाकीचं त्याच्याकडून मला काढून घ्यावं लागलं. तो जीप चालवतो. रस्त्यावरचे खड्डे सोडले तर त्याला काही दिसत नाही, पण या खेपेला त्यालाही दिसलं.

भर दुपारी हिरू आडवी होऊन झोपली होती. माझी लेक आहे ती, तापातसुद्धा दुपारची झोपत नाही. गजा बहिणीला हाक मारायला गेला तर तुम्ही म्हणालात, "झोपू दे रं तिला." सासू सुनेला दुपारी झोपू देते हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

दुसरी गोष्ट. दिवस मावळल्यावर शेजारीपाजारी सगळीकडे बल्ब लागले आणि तुमच्या घरात रॉकेलची चिमणी. गजाने बटणाला हात घातला तर तुम्ही म्हणालात, "हात नको लावू."

लग्नाच्या बैठकीत तुमच्याकडच्या माणसांनी सांगितलं होतं की घरात लाईट आहे, मागच्या विहिरीवर पंप आहे, पोरीला हंडा उचलावा लागणार नाही. त्यावर मी होकार दिला. आता वीज तोडली असेल तर तसं सांगा, अडचण कोणालाही येते. पण मी बाजारात सुकी मासळी विकते, विहीणबाई. वरचे चार बोंबील चांगले ठेवून खाली कुजके भरणारे मी पुष्कळ पाहिलेत.

उत्तराची वाट बघते.

गोदूबाई

---

शिळफाटा, खोपोली,
२५ नोव्हेंबर १९८४

गोदूबाई विहीणबाईंना अंबूबाईचा रामराम.

तुमचं पत्र सूनबाईने वाचून दाखवलं. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी सांगते तसं ती लिहिते आहे, तेव्हा अक्षर तुमच्या लेकीचं आणि बोलणं माझं.

वीज कोणी तोडलेली नाही. आमच्या आळीत वीजवाल्यांनी थोड्या घरांवर नवी तऱ्हा करून बघायला घेतली आहे. दिवसभर नेहमीचा दर. संध्याकाळी सहा ते दहा दुप्पट. रात्री दहाच्या पुढे पहाटेपर्यंत निम्मा. का, तर म्हणे संध्याकाळी सगळी दुनिया एकदम दिवे लावते आणि वीज पुरत नाही, रात्री ती वापरायला माणूस नसतो. मार्चअखेरपर्यंत चालवून बघायचं, पटलं तर ठेवायचं, नाहीतर जुना दर. नवं मीटर बसवलंय, त्याच्या पोटात घड्याळ आहे.

मी पहिल्यांदा नकोच म्हणाले होते. आवळा देऊन कोहळा काढायची रीत मला कळते. पण सूनबाईने पटवून दिलं. आमच्या घरात वीज खाणारी तीनच धूडं, पंप, इस्त्री आणि दळणाची घरघंटी. तिन्ही रात्री चालवली आणि संध्याकाळी दोन बल्ब लावले नाहीत, की झालं. म्हणून चिमणी.

माझ्या लेकाची, विठूची, दुसरी पाळी असते. कागदाच्या कारखान्यातून तो साडेअकराच्या सुमाराला घरी येतो. कोणीतरी जागं राहावं लागतंच. सूनबाई तेवढ्यात पंप लावते, कपडे होतात, दळण होतं. दुपारी ती झोप भरून काढते. यात खाली भरलेले बोंबील कुठले?

दुपारच्या झोपेचं आणखी एक कारण आहे. तिसरा महिना सरेपर्यंत बोलायचं नाही अशी आमच्याकडची रीत, म्हणून गजाला सांगितलं नाही. आता सरला. तुम्ही आजी होणार आहात.

सूनबाई सुखात आहे.

अंबूबाई

(आई, मी मजेत आहे. हे सासूबाईंनी सांगितलं म्हणून नाही, माझं मी लिहिते आहे. हिरू)

---

कशेळे,
२ डिसेंबर १९८४

विहीणबाईंना नमस्कार.

बातमी वाचली. देवापुढे नारळ फोडला, बाजारात ओळखीच्या बायांना मूठमूठ जवळा जास्त घातला. आणि मग बसून विचार केला.

पोटुशी पोर थंडीची रात्री मागच्या दारी विहिरीवर जाते. दळते. इस्त्री करते. आणि हे सगळं वीजवाल्यांनी दर कमी केला म्हणून. दिवस गेला रेटारेटी, चांदण्यात कापूस काती, असं आमच्याकडे आळशी बाईला म्हणतात. तुमच्याकडे ती घरची शिस्त झाली.

तुम्ही म्हणता हिरूनेच पटवून दिलं. सासुरवाशीण सासूला काय पटवते आणि सासू सुनेकडून काय वदवून घेते, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही.

विहीणबाई, मी वाईट बोलते आहे ते मला कळतं. माझी मोठी लेक भागी. तिच्या प्रत्येक कार्डात एकच असायचं, मी मजेत आहे. शेवटचं कार्ड आलं त्यातही तेच होतं, आणि कार्डाच्या पाठोपाठ तिच्या सासरचा माणूस आला, बातमी घेऊन. ताप अंगावर काढून ती काम करत राहिली होती. तेव्हापासून 'मजेत' हा शब्द आला की मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचते.

हिरू, इथून पुढचं मोठ्यानं वाचू नकोस. तुला त्रास असेल आणि लिहिता येत नसेल, तर पुढच्या पत्रात माझ्याकडे सुकट माग. मी काय ते समजेन आणि निघून येईन.

आता मोठ्यानं वाच. सगळ्यांना नमस्कार, तुमच्या नणंदबाई धोंडूबाईंच्या खोकल्याला आडुळशाचा काढा द्यावा.

गोदूबाई

---

शिळफाटा,
१३ डिसेंबर १९८४

विहीणबाईंना रामराम.

पत्र वाचताना सूनबाई मधेच अडखळली आणि तिथून एकदम धोंडूबाईच्या खोकल्यावर गेली. मधे काय होतं ते मी विचारलं नाही. म्हातारी असले तरी मला कळतं की कागद भरलेला होता आणि वाचणं लवकर संपलं.

भागीचं ऐकून वाईट वाटलं. लग्न ठरवताना तुम्ही हे बोलला नव्हतात.

दराचं म्हणाल तर पहिलं बिल आलं. मोठा फायदा काही दिसत नाही. वीज वाचली ती रॉकेलने खाल्ली. मी म्हटलं, जाऊ दे हे सोंग, पंप पहिल्यासारखा सकाळी लावू. तर सूनबाई म्हणते, अजून एक महिना बघू या. तिला या दराचा एवढा कळवळा का, ते मलाही कळेना झालंय. कुठेतरी पाणी मुरतंय. असो.

आणि एक. तिला डोहाळे लागलेत ते सुकटीचे. इथल्या बाजारातली वाळू लागते म्हणते. तुमच्याकडची जरा धाडून द्या.

अंबूबाई

(आई, सासूबाईंनीच सुकटीचं लिहायला सांगितलं. मी नको म्हटलं तर त्यांना नवल वाटलं. हे खरंच डोहाळे आहेत गं. तू येऊ नकोस. हिरू)

---

कशेळे,
२० डिसेंबर १९८४

अंबूबाई विहीणबाईंना,

'तू येऊ नकोस' हे वाचलं आणि दुसऱ्या दिवशी बाजार टाकून निघाले. मी आले, राहिले, तुम्ही आदर केलात. निघताना साडीही नेसवलीत. तोंडावर बोलले नाही, कारण हिरू समोर होती. आता लिहिते. हिरू, सगळं मोठ्यानं वाच, काही गाळू नकोस.

दिवसभर मी बघत होते. पोर सुकलेली नाही, अंगावर मारल्याची खूण नाही, जेवण पोटभर मिळतं. हे मी नाकारत नाही. संध्याकाळी चिमणीच्या उजेडात आपण चौघी बसलो. हिरू कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. तीन तासांत ती 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलली. माझ्या घरी ही पोर झोपेतसुद्धा बडबडायची.

रात्री जाग आली ती पंपाच्या धडधडीने. शेजारची गोधडी रिकामी. जावयांचा पत्ता नव्हता. आणि तुम्ही, विहीणबाई, पांघरुणात डोळे टक्क उघडे ठेवून पडला होतात, कान मागच्या दाराकडे. आपली नजरानजर झाली. मी उठायला लागले तर तुम्ही माझा हात धरलात.

"बसा, विहीणबाई. भायेर इच्चूकाट्याचं हाय," म्हणालात.

विंचूकाटा मला आहे आणि माझ्या पोटुशी लेकीला नाही?

मी म्हटलं, "जावई आले का?" तर म्हणालात, "येल." आणि कूस बदललीत.

पाहुणी म्हणून गेले होते, म्हणून पडून राहिले. पण तो पंप बंद होईपर्यंत माझा डोळा लागला नाही. सून काम करते आणि सासू पहारा देते, असा अर्थ मी काढला आहे. दुसरा काही असेल तर सांगा. नसेल तर सातवा लागला की मी तिला घेऊन जाणार. पहिलं बाळंतपण माहेरी, त्याला तुम्हीही नाही म्हणू शकत नाही.

गोदूबाई

---

शिळफाटा,
३ जानेवारी १९८५

विहीणबाईंना रामराम.

सूनबाईने सगळं वाचलं, काही गाळलं नाही. वाचताना दोनदा पाणी प्यायली.

दुसरा अर्थ आहे. पण तो मला पत्रात सांगता येत नाही, या हातानं लिहिलेल्या पत्रात तर नाहीच. तुम्ही माझ्याबद्दल काय समजायचं ते समजा.

सातवा लागला की गजाला जीप घेऊन पाठवा. मी अडवणार नाही.

अंबूबाई

---

कशेळे,
२६ फेब्रुवारी १९८५

विहीणबाईंना नमस्कार.

हिरू सुखरूप पोहोचली. गजाने जीप एवढी सावकाश आणली की मागचे टेंपोवाले शिव्या देत होते.

हे पत्र तुम्हाला कोण वाचून दाखवणार ते मला ठाऊक नाही. जो कोणी असेल त्याने ऐकून विसरावं.

तुम्ही माझ्या लेकीला काय केलंत? इथे आल्यापासून ती रात्रीची झोपत नाही. दिवसा कामाला हात लावू देत नाही मी, दूध आहे, शेजारी मैत्रिणी आहेत. पण रात्र झाली की ती मागच्या दारात जाऊन बसते. काल मी म्हटलं, "नीज गं आता, हितं तुला कुनी उठवनार नाय."

तर म्हणाली, "आये, झोपच येत नाय गं. या वक्ताला मी जागीच असते."

मी विचारलं, सासू मारते का, घालूनपाडून बोलते का, विठू दारू पितो का. प्रत्येक वेळी मान हलवून नाही. मग विचारलं, "मग त्या पंपाची येवढी धास्ती का घेतलीस?" तर आधी हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

भागीसुद्धा शेवटच्या खेपेला आली होती तेव्हा अशीच दारात बसायची. मी तिला काही विचारलं नव्हतं. आता हिला विचारते तर ही सांगत नाही. तुम्ही म्हणाला होतात दुसरा अर्थ आहे. आता लिहिणारी माझ्या घरात आहे. मग तो सांगा.

गोदूबाई

---

शिळफाटा,
६ मार्च १९८५

गोदूबाई विहीणबाईंना अंबूबाईचा रामराम.

हे पत्र आमचे टपालवाले कोंडाजी लिहीत आहेत. तुमचं पत्रही त्यांनीच वाचलं. ते म्हणतात, विहिणीविहिणींची पत्रं मी तीस वर्षं वाटतो आहे, माझ्या पोटात पुष्कळ आहे, अजून एक मावेल.

आता ऐका. दिवाळीनंतर मलाही संशय आला होता, तुमच्यासारखाच, पण उलट्या बाजूने. टाकी भरायला लागते त्याच्या दुप्पट वेळ पंप चालू. मला वाटलं सूनबाई रात्री आळीतल्या बायांचं दळण दळून देते आणि पैसा माहेरी धाडते. तुम्ही रागावू नका, मनात आलं ते सांगते. चोर पकडायचा म्हणून, ते सुकटीचं पत्र गेल्यावर, एका रात्री उठले आणि मागच्या दाराच्या फटीतून पाहिलं.

विठू कामावरून पुढच्या दाराने येतच नव्हता. मागून परस्पर विहिरीवर यायचा. पंपाच्या चौथऱ्यावर सूनबाई त्याची शाल पांघरून बसलेली. त्याचं ताट तिथेच. तो जेवत होता आणि ती बोलत होती. हात नाचवून, थांबत नव्हती. मधेच काहीतरी म्हणाली आणि दोघं हसली. विहीणबाई, माझी सून हसते कशी, हे मी तोवर ऐकलं नव्हतं. जेवण झाल्यावर इस्त्री त्यानेच केली. दळणाचा डबाही त्यानेच उचलला. ती नुसती बसून, बोलत.

आमचं घर तुम्ही पाहिलंत. दोन खोल्या आणि मधे पडदा. पडद्याआड कोणी कुजबुजलं की धोंडूबाई खोकते. सकाळी विठू झोपलेला, दुपारी कामावर. नव्या सुनेने थोरांसमोर नवऱ्याशी बोलायचं नाही, ही रीत मीच तिला पहिल्या दिवशी सांगितली होती. पंपाच्या धडधडीत मात्र कोणाला काही ऐकू जात नाही. म्हणून तिला रात्रीचा दर हवा होता.

मी आल्या पावली परत फिरले. त्या रात्री खूप रडले. माझी तीन पोरं झाली, एक जगलं. वीस वर्षांचा संसार झाला. पण नवऱ्याशी बोलणं असं झालंच नाही. सासू होती, नणंद होती, मग पोरं होती. तो गेला आणि महिन्याभरात मला त्याचा आवाज आठवेना. चेहरा आठवतो. आवाज नाही.

तेव्हापासून पंप सुरू झाला की मी जागी असते. तुम्ही म्हणालात पहारा, तर पहाराच होता. धोंडूबाई उठून परसात जाऊ नये म्हणून. तुमचा हात धरला तो त्याचसाठी. तुम्ही दार उघडलं असतं, तर ती पोर शरमेने पुन्हा कधी विहिरीवर गेली नसती. आणि तिच्याच हातानं हे तुम्हाला लिहवणार कसं? मला कळलंय हे तिला कळलं, की ती दुसऱ्या दिवसापासून पंप सकाळी लावेल. म्हणून तिला सांगू नका.

कालच वीजवाल्यांचा माणूस विचारायला आला, हा दर ठेवता की सोडता. त्याने आकडे मांडले आणि म्हणाला, "आजी, तुमाला यात फायदा काय नाय. जुनाच दर बरा."

मी म्हटलं, "हाच ठेव रं बाबा. आमाला परवडतं." आणि अंगठा दिला. चिमणी मात्र माळ्यावर टाकली. आता संध्याकाळी बल्ब लावते, दुप्पट तर दुप्पट. तुमच्या लेकीने परत यावं ते उजेडाच्या घरात.

विठू आता पुढच्या दाराने येतो, झाकलेलं ताट जेवतो, झोपतो. टाकी हल्ली दिवसाच भरतो.

अंबूबाई

---

कशेळे,
१२ मार्च १९८५

अंबूबाई,

तुमचं पत्र वाचलं आणि चुलीत घातलं. हिरूने विचारलं, काय लिहिलंय गं? मी म्हटलं, धोंडूबाईंचा खोकला बरा आहे.

मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. तुम्ही माझा हात धरलात तेव्हा तो सोडवून घ्यावा असं वाटलं होतं. आता वाटतं, भागीच्या घरी दाराआड असं जागं राहणारं कोणी असतं, तर.

आमच्या घरात एकच दर आहे, दिवसा काय आणि रात्री काय. पंपही नाही. मागच्या विहिरीवर पोहरा आणि कप्पी आहे. ती अशी करकरते की शेजारी शिव्या देतात. गजा काल तिला तेल घालायला निघाला होता. मी बाटली काढून घेतली.

जावयांना सुट्टीच्या आदल्या दिवशी रजा घेऊन संध्याकाळच्या गाडीने पाठवून द्या. गजा कर्जतला जीप घेऊन थांबेल. जेवण झालं की मी आणि गजा पुढे ओटीवर निजू. पाणी जावई काढतील, हिरूने नुसतं बसायचं.

घरातले सगळे हंडे मी त्या दिवशी रिकामे करून ठेवीन.

तुमची,
गोदू